जुन्या जनगणनेतून पूर्वज शोधायचे कसे: आडनावामागे धावू नका, घर शोधा

जुन्या जनगणनेत खापरपणजोबा शोधायला बसलेला माणूस सगळ्यात आधी काय करतो तर सर्च बॉक्समध्ये आडनाव टाकतो. मग एकतर ढिगाने रिझल्ट येतात नाहीतर एकही येत नाही, आणि दोन्ही वेळी तो कंटाळून टॅब बंद करतो. खरं सांगायचं तर जनगणनेचं पत्रक नावासाठी बनवलेलंच नव्हतं. सरकारला डोकी मोजायची होती, प्रगणक दारोदार फिरला, कानाला जसं ऐकू आलं तसं नाव लिहिलं आणि पुढच्या दाराशी गेला, त्यामुळे त्या अख्ख्या ओळीत सगळ्यात कच्ची गोष्ट जर कुठली असेल तर ते नाव. पण घरात कोण कोण राहत होतं, मुलं कुठल्या क्रमाने झाली, म्हातारी सासू सोबत होती का, शेजारी कोण, हे मात्र बहुतेक वेळा बरोबर असतं. म्हणून हा सगळा लेख घर कसं पकडायचं यावर आहे, नाव आपोआप सापडतं.

आधी बघा, तुमच्या कामाची जनगणना आहे तरी कुठे

भारतातली जनगणना नावानिशी बघायला मिळत नाही. १८७२ मध्ये सुरुवात झाली आणि १८८१ पासून २०११ पर्यंत दर दहा वर्षांनी ती होत आली, पण १९४८ च्या जनगणना कायद्याच्या कलम १५ प्रमाणे माणसांचे फॉर्म कोणालाही तपासता येत नाहीत, कोर्टात पुरावा म्हणूनही चालत नाहीत. लोकांसमोर येतात ते आकडे आणि तक्ते. त्यामुळे "१९०१ च्या जनगणनेत आमच्या गावचे पूर्वज दाखवा" असं कोणी विचारलं तर उत्तर सरळ नाही असंच आहे.

पण तुमच्या घरातलं कोणी शंभर वर्षांपूर्वी इंग्लंड-अमेरिकेला गेलं असेल, किंवा तुमच्या सुनेचं, जावयाचं, स्वतःचं सासर तिकडचं असेल तर खजिना उघडा आहे. अमेरिकेत ७२ वर्षांनी नावं खुली होतात, म्हणून १९५० ची जनगणना १ एप्रिल २०२२ ला आली आणि १९६० ची २०३२ मध्ये येईल. ब्रिटनमध्ये १०० वर्षं थांबावं लागतं, इंग्लंड-वेल्सची १९२१ ची जानेवारी २०२२ मध्ये खुली झाली. कॅनडात ९२ वर्षं, १९३१ ची २०२३ मध्ये आली. आयर्लंडच्या १९०१ आणि १९११ च्या दोन्ही, मूळ पानांच्या फोटोंसकट, तिथल्या नॅशनल अर्काइव्हजच्या साइटवर पूर्ण फुकट आहेत.

कुठे बघायचं तर फॅमिलीसर्च ही साइट फुकट आहे, फक्त अकाउंट काढा, अमेरिकेसाठी तेवढं बऱ्यापैकी पुरतं. अमेरिकेची १९५० ची पानं तर तिथल्या नॅशनल अर्काइव्हजनेच फुकट टाकलीयत. अ‍ॅन्सेस्ट्री, फाइंडमायपास्ट, मायहेरिटेज हे पैसे घेतात, स्कॉटलंडसाठी स्कॉटलंड्सपीपल वेगळं. माझं मत विचाराल तर पहिल्याच दिवशी वर्षभराचं सबस्क्रिप्शन घेऊ नका. आधी फुकटच्या साइटवर सगळं चाळा, काय अडलंय त्याची यादी करा आणि मग एक महिना पैसे भरून ती यादी संपवा.

माणसाचं जनगणना-कॅलेंडर बनवा

ही पायरी लोक हमखास टाळतात आणि मग जो माणूस असूच शकत नाही त्याला दिवसेंदिवस शोधत बसतात. एका कागदावर माणसाचं अंदाजे जन्मवर्ष आणि मृत्यूवर्ष लिहा, तो त्या देशात कधी आला कधी गेला ते लिहा, आणि मधे कुठकुठल्या जनगणना पडतात, त्या वेळी त्याचं वय किती असायला हवं आणि घरात कोण असायला हवं ते समोर मांडा.

आपल्या ओळखीच्या माणसांवर करून बघा म्हणजे पटेल. आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये अमेरिकेत पोचल्या, १८८६ मध्ये डॉक्टर होऊन त्याच वर्षी परत निघाल्या. अमेरिकेची जनगणना १८८० आणि १८९० ची, म्हणजे त्या कुठल्याच जनगणनेत नाहीत. पंडिता रमाबाई १८८३ ते १८८६ इंग्लंडात आणि मग १८८८ पर्यंत अमेरिकेत, दोन्ही देशांच्या फटीतून निसटल्या. सावरकर लंडनला १९०६ ते १९१०, तिथली जनगणना १९०१ आणि १९११. आणि बाबासाहेब आंबेडकर न्यूयॉर्कला १९१३ ते १९१६ म्हणजे अमेरिकेत सापडणार नाहीत, पण जून १९२१ मध्ये ते लंडनला शिकत होते आणि ब्रिटनची जनगणना १९ जून १९२१ च्या रात्रीची होती, तेव्हा त्यांच्याबाबतीत शोध घ्यायची जागा ती. चार माणसं, आणि शोधण्यासारखी जनगणना एकाचीच. असं कॅलेंडर तुमच्या पणजोबांचं बनवा, अर्धी डोकेदुखी तिथेच मिटते.

दुसरं म्हणजे तारीख. जनगणना कुठल्या दिवसाची धरलीय यावर जन्मवर्षाचं गणित फिरतं. अमेरिकेत १८३० ते १९०० पर्यंत १ जून, १९१० ला १५ एप्रिल, १९२० ला चक्क १ जानेवारी, आणि १९३० पासून १ एप्रिल. आता १९२० च्या पानावर वय ३० दिसलं की साइट हिशोब करून १८९० दाखवते, पण १ जानेवारीला ज्याची ३० वर्षं पूर्ण आहेत तो जवळपास नक्की १८८९ चा. एका वर्षाच्या फरकाने लोक बरोबर असलेला जन्मदाखला "आपला नाही" म्हणून सोडून देतात.

सर्च करताना कमी लिहा

सुरुवात सगळ्यात अलीकडच्या खुल्या जनगणनेपासून करायची आणि मागे मागे जायचं. उलटं कधीच नाही, म्हणजे १८५० मध्ये त्याच आडनावाचा कोणीतरी सापडला आणि मग त्याला ओढून आपल्यापर्यंत आणायचं हे करू नका, नेटवरच्या निम्म्या चुकीच्या वंशावळी अशाच तयार झाल्यात असा माझा ठाम संशय आहे.

सर्चमध्ये सगळे बॉक्स भरले की काहीच मिळत नाही. आडनाव काढून टाका. हो, काढूनच टाका, आणि फक्त पहिलं नाव, पाच वर्षं इकडे-तिकडे धरून जन्मवर्ष, जन्माचा देश आणि जिल्हा टाका. किंवा मुलाचं एखादं वेगळं नाव माहीत असेल तर बापाला सोडून त्या मुलालाच शोधा, बाप त्याच पानावर बसलेला असतो. बऱ्याच साइटवर तारांकन टाकून उरलेली अक्षरं मोकळी सोडता येतात आणि प्रश्नचिन्हाने एकच अक्षर मोकळं राहतं, त्याचा भरपूर वापर करा. जुन्या इंग्रजी अक्षरात एल आणि एस, टी आणि एफ, यू आणि एन सारखे दिसतात, आणि जोडीने आलेले दोन एस तर एफ-एस किंवा पी सारखे, त्यामुळे इंडेक्स (पानं वाचून टाइप केलेली नावांची यादी) करणाऱ्याने काय वाचलं असेल याचा विचार करून स्पेलिंग बदला.

साउंडेक्स नावाची एक पद्धत आहे, उच्चाराप्रमाणे आडनावाला पहिलं अक्षर आणि तीन आकडे असा कोड देते, अमेरिकेच्या जुन्या इंडेक्सकार्डांवर हीच वापरलीय. बी-एफ-पी-व्ही ला १, सी-जी-जे-के-क्यू-एस-एक्स-झेड ला २, डी-टी ला ३, एल ला ४, एम-एन ला ५, आर ला ६, स्वर आणि एच-डब्ल्यू-वाय सोडून द्यायचे. छान आहे, पण तिच्यावर विसंबू नका. कुलकर्णी हे नाव के ने लिहिलं तर के ४२६, आणि एखाद्याने ऐकून सी ने लिहिलं तर सी ४२६, आकडे तेच पण कार्ड वेगळ्याच गठ्ठ्यात. पहिलं अक्षर बदललं की ही पद्धत संपली.

आणि हो, "एलिस आयलंडवर (न्यूयॉर्क बंदरातलं, बाहेरून आलेल्यांची तपासणी व्हायची ते बेट) अधिकाऱ्याने आमचं आडनाव बदललं" ही गोष्ट घरोघरी सांगतात, पण तिथले लोक जहाजावरून आलेल्या यादीवर टिक करत होते, नाव नव्याने लिहून घेत नव्हते. नाव बहुतेक वेळा माणसाने नंतर स्वतःच बदललेलं असतं, त्यामुळे जुनं नाव जहाजाच्या यादीत शोधा.

भारतातून गेलेल्यांसाठी दोन खास गोष्टी. अमेरिकेच्या १९२०, १९३० आणि १९४० च्या जनगणनेत वंशाच्या रकान्यात भारतातल्या माणसाला "हिंदू" लिहायचे, मग तो शीख असो की मुसलमान, तेव्हा त्या शब्दावरून धर्म काढू नका. आणि जन्मस्थळाच्या रकान्यात आखूड करून "इंड" लिहिलेलं असलं तर ते इंडिया असेल किंवा इंडियाना राज्य असेल, मूळ पान आणि घरातली बाकीची माणसं बघितल्याशिवाय ठरवू नका. ब्रिटनच्या पानांवर भारत "ईस्ट इंडीज" म्हणूनही सापडतो.

मूळ पानाचा फोटो उघडा, इंडेक्सवर थांबू नका

इंडेक्स म्हणजे कोणीतरी वाचून टाइप केलेलं, आता तर बऱ्याच ठिकाणी मशीनने वाचलेलं. त्यात रकानेही सगळे नसतात. खरा माल फोटोत आहे, आणि प्रत्येक वर्षी रकाने वेगळे.

अमेरिकेत १७९० ते १८४० फक्त घरच्या प्रमुखाचं नाव, बाकीची माणसं वयोगटात नुसती आकडा म्हणून. १८५० पासून सगळ्यांची नावं आली, पण "सगळे" म्हणजे मुक्त लोक. गुलामांच्या १८५० आणि १८६० च्या याद्या वेगळ्या होत्या, मालकाचं नाव वर आणि खाली बहुतेक ठिकाणी नुसतं वय, लिंग, रंग. त्यामुळे बहुतेक कृष्णवर्णीय घराण्यांचा शोध १८७० ला येऊन अडतो, तिथून मागे जायला मालकांची मृत्युपत्रं आणि जमिनीचे कागद धुंडाळावे लागतात, ते काम फार चिकाटीचं आहे.

प्रमुखाशी नातं काय हा रकाना १८८० ला आला. त्याआधीच्या पानावर एक पुरुष, एक बाई आणि चार मुलं दिसली की आपण नवरा-बायको-मुलं समजून मोकळे होतो, पण तो भाऊ आणि विधवा बहीणही असू शकतो. १८८० नंतरही नातं फक्त प्रमुखाशी लिहितात हे विसरू नका: मुलं त्याची आहेत, पण बायको त्या मुलांची आई असेलच असं नाही. लग्नाला ६ वर्षं आणि मोठा मुलगा ११ चा असेल तर शंका घ्या. १९१० च्या पानावर एम-१, एम-२ असं लिहिलेलं असतं ते कितवं लग्न हे सांगतं.

माझ्या मते अमेरिकेचं सगळ्यात दिलदार पान १९०० चं. जन्माचा महिना आणि वर्ष, लग्नाला किती वर्षं झाली, देशात कधी आले, नागरिकत्वाची स्थिती, आणि बाईला किती मुलं झाली, त्यातली किती जिवंत आहेत. समजा "पाच झाली, तीन जिवंत" असं आहे आणि घरात दोनच दिसतायत, म्हणजे एक जिवंत मूल दुसऱ्या कुठल्यातरी घरात आहे, त्याला शोधायचं, आणि दोन वारली, त्यांच्या नोंदी स्मशानात नाहीतर चर्चमध्ये. एका रकान्यावरून तीन कामं निघाली.

नागरिकत्वाच्या रकान्यात एनए म्हणजे नागरिक झाला, पीए म्हणजे पहिला अर्ज केलाय, एएल म्हणजे परकीय. एनए दिसलं की कोर्टात फाइल असणार. १९४० च्या पानावर एका नावापुढे गोलातली फुली असते, ती माहिती कोणी दिली त्याची खूण. ही फार मोलाची आहे, कारण बायकोने सांगितलेलं सासूचं जन्मस्थळ आणि मुलाने स्वतः सांगितलेलं यात फरक पडतो. त्याच पानावर १९३५ मध्ये कुठे राहत होतात तेही विचारलंय.

इंग्लंडची १८४१ ची जनगणना वाचताना जपून. १५ वर्षांवरच्यांचं वय खाली पाचाच्या पटीत आणायचं असा नियम होता, म्हणजे ३९ चा माणूस ३५ लिहिलेला, जन्म १८०१ ते १८०६ मधे कुठेही. नातंही नाही, आणि जन्म त्याच जिल्ह्यात झाला का एवढंच हो-नाही. १८५१ पासून मात्र वय, नातं, जन्माचं गाव सगळं येतं. दोन तिरक्या रेघा म्हणजे घर संपलं आणि एक रेघ म्हणजे त्याच इमारतीतलं एक बिऱ्हाड संपलं, हे बघितलं नाही तर शेजारचं पोर आपल्या खात्यात जमा होतं. आठ वर्षांचा मुलगा "सन-इन-लॉ" दिसला तर बिचकू नका, तेव्हा सावत्र मुलालाही तसंच लिहायचे.

१९११ च्या इंग्लंडच्या पानाचं वेगळंच. तिथे प्रगणकाची वही नसून घरच्या प्रमुखाने स्वतः भरलेला कागद जपलाय, म्हणजे पणजोबांचं अक्षर आणि सही. काही आईबापांनी वारलेल्या मुलांची नावंही भरली आणि मग कारकुनाने ती खोडली, तरी खाडाखोडीखालून वाचता येतात. आणि एखादी बाई अजिबातच सापडत नसेल तर हेही लक्षात असू द्या की मतदानाच्या हक्कासाठी लढणाऱ्या बायकांनी त्या रात्री बहिष्कार टाकला होता, एमिली डेव्हिसन तर पार्लमेंटच्या इमारतीत एका कपाटात लपून बसल्या होत्या.

वय खोटं असतं, पण खोटंही कामाचं असतं

तीन जनगणनांतून एका माणसाची तीन जन्मवर्षं निघणं हे नॉर्मल आहे. बायका दहा वर्षांत सातच वर्षांनी मोठ्या होतात वगैरे. पण आयर्लंडमध्ये उलटं झालं, १९०१ ते १९११ मधे कितीतरी म्हातारे दहापेक्षा बरीच जास्त वर्षं वाढले, कारण १९०९ पासून ७० वर्षांवरच्यांना पेन्शन सुरू झाली आणि जन्मदाखले तर १८६४ च्या आधीचे नव्हतेच. तेव्हा लोकांनी वयाचा पुरावा म्हणून १८४१ आणि १८५१ च्या जनगणनेतली आपली नोंद शोधून मागितली. मूळ जनगणना पुढे जळली पण ते शोध-अर्ज शिल्लक आहेत, आणि त्यात आईबापांची नावं असतात.

सर्वसाधारण नियम असा धरा की लहानपणी लिहिलेलं वय म्हातारपणीच्या वयापेक्षा जास्त भरवशाचं. दोन वर्षांच्या पोराला कोणी पाच वर्षांचा म्हणत नाही.

शेजारी वाचा

घर सापडलं की त्याच्या आधीची दोन पानं आणि नंतरची दोन पानं वाचा. सरळ वाचत जा, कंटाळा आला तरी. सासुरवाडी दोन दारं सोडून असते, त्याच गावाहून आलेले चुलत भाऊ पलीकडच्या गल्लीत, आणि तुमच्या माणसाकडे पैसे देऊन राहणारा "बोर्डर" बऱ्याचदा बायकोचा भाऊ निघतो. पुढच्या जनगणनेत आपलं कुटुंब गायब झालं तर या शेजाऱ्यांना शोधा. लोक एकेकटे कमी आणि गटाने जास्त हलतात, त्यातलं विचित्र नावाचं एखादं घर सापडलं की आपलं घर जवळपासच असतं.

पत्ता माहीत असेल आणि इंडेक्समध्ये काहीच लागत नसेल तर अमेरिकेत १८८० पासून गणनेचे विभाग नंबर देऊन पाडलेले आहेत, स्टीव्ह मोर्स यांच्या वन-स्टेप साइटवर रस्त्याच्या नावावरून विभागाचा नंबर मिळतो, मग तेवढा विभाग पान-पान चाळायचा. एका संध्याकाळचं काम आहे.

जळालेल्या जनगणना आणि त्यांचे पर्याय

अमेरिकेची १८९० ची जनगणना १९२१ मध्ये वॉशिंग्टनला आगीत सापडली, उरलेली नंतर नष्ट केली, आणि ६ कोटी २० लाखांहून जास्त लोकांपैकी जेमतेम सहा हजारांच्या आसपास नावं वाचली. याचा परिणाम असा की १८८१ ला जन्मून १८९८ ला वारलेलं मूल कुठल्याच देशव्यापी जनगणनेत दिसत नाही. तिथे राज्यांच्या आपल्या जनगणना कामी येतात, न्यू जर्सीच्या १८८५ आणि १८९५, न्यूयॉर्कची १८९२. आयोवाची १९२५ ची तर प्रत्येकाच्या आईबापांची नावं, आईच्या माहेरच्या आडनावासकट देते, तुमचं कोणी आयोवात असेल तर तिथूनच सुरुवात करा.

इंग्लंड-वेल्सची १९३१ ची १९४२ मध्ये जळाली, १९४१ ची युद्धामुळे झालीच नाही. म्हणजे १९२१ नंतर थेट १९५१, आणि तीही २०५२ पर्यंत बंद. मधला पूल म्हणजे २९ सप्टेंबर १९३९ चं रजिस्टर, युद्ध सुरू होताना सरकारने केलेली घरोघरची नोंदणी. त्यात पूर्ण जन्मतारीख असते, आणि ते पुढे कित्येक वर्षं वापरात राहिल्यामुळे मुलींची लग्नानंतरची आडनावंही वर लिहिलेली सापडतात. आयर्लंडची १९०१ च्या आधीची जवळपास सगळी गेली, काही १९२२ च्या आगीत आणि काही सरकारनेच रद्दीत काढली.

नोंद ठेवायची पद्धत

फोटो डाउनलोड केला की फाइलच्या नावातच वर्ष, जागा, प्रमुखाचं नाव टाका. ब्रिटनच्या पानाला संदर्भ क्रमांक असतो, १८८१ असेल तर आरजी ११, मग पीस (वहीचा नंबर), फोलिओ (कागदाचा नंबर), पान. अमेरिकेत राज्य, काउंटी, विभाग नंबर, शीट, ओळ. हे तिथल्या तिथे लिहा, कारण साइट बदलली तरी क्रमांक तोच राहतो आणि दुसऱ्या साइटवर तेच पान जास्त स्पष्ट फोटोत मिळू शकतं.

पानावर जसं लिहिलंय तसंच उतरवा, स्पेलिंग सुधारू नका, तुमचा अंदाज वेगळ्या रकान्यात. आणि एका घराला "आपलं" म्हणण्याआधी किमान तीन गोष्टी जुळतात का बघा, मुलांचा क्रम, जन्मस्थळ, धंदा, यातलं आडनाव मी मुद्दाम धरत नाही. त्याच गावात त्याच नावाचा, त्याच वयाचा दुसरा माणूस आहे का हेही शोधा, असला तर दोघांनाही पुढच्या जनगणनेपर्यंत न्या, म्हणजे कोण कुठे गेला ते कळतं. नाही सापडला कोणी तर तेही लिहून ठेवा, कुठली साइट, कुठलं वर्ष, काय टाकून शोधलं. सहा महिन्यांनी परत बसाल तेव्हा तेच तेच शोधणं वाचेल, आणि तोवर साइटवाल्यांनी इंडेक्स सुधारलेलाही असतो, तेव्हा तीच यादी घेऊन एकदा नव्याने फिरवून बघा.